डावीकडे जाणारी डाकगाडी

चित्रकलेचे मास्तर स्टुलावरून पडले तेव्हा ते पडदा लावत होते. पडताना त्यांनी एका हाताने पडदा धरला आणि दुसरा हात जमिनीवर टेकला. पडदा शाबूत राहिला. मनगट मोडलं. त्यात मास्तर डावखुरे, आणि मोडलं ते डावंच.

प्लास्टरच्या सहा आठवड्यांत घरात बसून मास्तरांना जेवढे सल्ले मिळाले तेवढे सव्वीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांकडूनही मिळाले नव्हते. समोरच्या काकू रोज येऊन हात बघायच्या आणि रोज त्यांच्या धाकट्या दिरांची गोष्ट सांगायच्या. दिरांचंही मनगटच मोडलं होतं. "आता कसे आहेत?" असं मास्तरांनी विचारलं की काकू सुस्कारा सोडून म्हणायच्या, "बरे आहेत. टाटा करता येतो त्यांना." खालच्या मजल्यावरचे वकील स्टूल उलटंपालटं करून बघून गेले. स्टूल बनवणाऱ्यावर दावा लावता येईल, असं त्यांचं मत पडलं. स्टूल मास्तरांनी स्वतःच बनवलेलं आहे हे कळल्यावरही त्यांचा उत्साह मावळला नाही. "मग बघू, काहीतरी कलम सापडेल," म्हणाले.

प्लास्टर निघालं आणि आतून जो हात बाहेर आला तो मास्तरांना ओळखू येईना. सुकलेला, पिवळट, आणि अंगठा तर परक्या घरी पाहुणा आल्यासारखा अवघडून बसलेला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले, कारण शाळेच्या बक्षीस समारंभाची प्रशस्तिपत्रकं दर वर्षी हाच हात लिहायचा. दोनशे बारा नावं, बोरूने, काळ्या शाईत, एकेक अक्षर घासून पुसून ठेवल्यासारखं. मुलं मोठी होऊन परदेशी जात, पण ते प्रशस्तिपत्रक बॅगेत घालून नेत.

मुख्याध्यापिकाबाई भेटायला आल्या तेव्हा त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मास्तर, यंदा जिवाला त्रास करून घेऊ नका. कॉम्प्युटरवर छापून घेऊ. हल्ली छान छान फॉन्ट असतात."

फॉन्ट! मास्तरांना हाड मोडल्याचं जेवढं दुखलं नव्हतं तेवढं हे दुखलं. "एक महिना द्या," एवढंच ते म्हणाले.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. बोलायला साखर आणि बोटं वाकवायला पक्कड. तिने रबरी चेंडू दिला. मास्तरांनी तो आठ दिवस दाबला आणि नवव्या दिवशी त्यांना चेंडूचा इतका वीट आला की तो त्यांनी खिडकीत कुंडीआड लपवून ठेवला. तिने तो शोधला. रागावली मात्र नाही.

"कंटाळा येतो ना? मग असं करू या. अंगठ्याला बारीक बारीक हालचाल हवी आहे. घरात व्हिडिओ गेम आहे का?"

घरात दारूची भट्टी आहे का असं विचारल्यासारखे मास्तर तिच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना "ते डबडं बंद करा आणि चित्र काढा" असं सांगितलं होतं. पण ती मुलगी थट्टा करत नव्हती. तिने चक्क कागदावर लिहून दिलं: व्हिडिओ गेम, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

मास्तरांच्या पत्नी, म्हणजे बाई, एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की त्यावर सही-शिक्का असल्यासारखं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "आपल्या लेकीचं खेळाचं यंत्र माळ्यावर आहे. स्टुलावर मी चढते."

मुलगी आता परगावी पुलांचे आराखडे करायची. नऊ वर्षांपूर्वी, ती सोळा वर्षांची असताना, वर्षभर पिच्छा पुरवून तिने ते यंत्र घ्यायला लावलं होतं. बाईंनी ते खाली उतरवलं, पुसलं, टीव्हीला जोडलं. नऊ वर्षांची झोप झालेल्या त्या यंत्राने डोळे उघडले आणि उठल्याबरोबर स्वतःच्या सुधारणेसाठी दीड दिवस मागून घेतला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. मास्तर दोन्ही जेवणांनंतर वीस-वीस मिनिटं त्या रेघेकडे बघत बसले. अंगठ्याला व्यायाम झाला नाही, पण मनाला झाला.

रेघ संपली, पण खरी गंमत पुढेच होती. यंत्राने सांगितलं, "तुमचं वय नऊ वर्षं आहे. पालकांची परवानगी आणा."

मास्तरांनी मुलीला फोन लावला. "अगं, हे मला नऊ वर्षांचा समजतंय."

"बाबा, ते तुम्हाला नाही, मला समजतंय. खातं माझ्या नावाचं आहे. पण मी नऊची कशी?" मुलगी विचारात पडली आणि मग एकदम हसायलाच लागली. "बाबा! फॉर्म तुम्ही भरला होतात! जन्मतारखेच्या रकान्यात तुम्ही त्या दिवशीची तारीख घातली असणार!"

तसंच झालं होतं. रकाना दिसला की आजची तारीख घालायची, ही शाळेतली सवय. त्या हिशेबाने यंत्र घरी आलं त्याच दिवशी मुलगी जन्माला आली होती आणि जन्मल्या जन्मल्या तिने गाडीची शर्यत खेळली होती. आता परवानगी द्यायला हवी होती पालकाने, म्हणजे मास्तरांनीच. आणि परवानगीचं पत्र जाणार होतं मास्तरांच्या ज्या ईमेलवर, त्याचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता.

मग कंपनीच्या मदत केंद्राशी पत्रव्यवहार सुरू झाला. "आपण सदर बालकाचे पालक असल्याचा पुरावा पाठवा." मास्तरांनी मुलीचा जन्मदाखला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आमच्या नोंदीनुसार बालक नऊ वर्षांचे आहे. दाखल्यातील व्यक्ती पंचवीस वर्षांची आहे. सबब ही दोन वेगळी माणसे आहेत. आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत."

पंचवीस वर्षं बापाचं काम केल्यावर असा शेरा मिळाला की माणसाला कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. मास्तरांनी ते उत्तर वकिलांना दाखवलं. वकील म्हणाले, "ही बदनामी आहे. नोटीस देऊ." काकूंनी पितृत्वाच्या तपासणीबद्दल कुठेतरी वाचलं होतं, पण ते त्या सांगायला लागल्या तेवढ्यात बाईंनी त्यांना चहा दिला.

पासवर्ड शेवटी बाईंनाच आठवला. "तुम्ही कायम म्हणता ना, जगात खरे रंग तीनच, बाकी सगळी भेसळ? ते तीन रंग ओळीने घालून बघा." लाल, निळा, पिवळा. ईमेलची पेटी उघडली. मास्तरांनी पालक या नात्याने स्वतःला खेळायची परवानगी दिली. दिवसाला एक तासाच्या वर खेळणार नाही ही अट नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच घातली होती, तीही निमूटपणे मान्य केली.

यंत्रात एक चकती अडकून राहिलेली होती. त्यातला खेळ होता डोंगरातल्या डाकगाडीचा. आपण गाडी चालवायची आणि गावोगावची पत्रं पोचती करायची. गाडी वळवायची ती हातात धरायच्या कंट्रोलरवरच्या छोट्या स्टिकने, आणि ती स्टिक असते डाव्या अंगठ्याखाली. हे सगळं आपल्यासाठीच बेतल्यासारखं मास्तरांना वाटलं.

पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. पहिल्या वळणावर समोर दरी उघडली, आणि पलीकडे मावळतीचं आकाश. मास्तरांनी गाडी थांबवली. कडेला लावली आणि बघत बसले.

"अगं, इकडे ये. ह्या ढगाची कड बघ. जांभळ्यात करडा मिसळलाय. आणि खाली सावली निळी ठेवलीय, काळी नाही! काळी ठेवत नाही हा माणूस!" शंभरपैकी शंभर गुण मास्तरांनी जन्मात कुणाला दिले नव्हते. त्या आकाशाला त्यांनी शहाण्णव दिले. पहिली वीस मिनिटं गाडी एक इंचही पुढे गेली नाही. सव्वीस वर्षांत ज्याला डबडं म्हटलं त्याच्या आत कुणीतरी आपल्याच जातीचा माणूस रंग कालवत बसला होता, हे कळल्यावर मास्तर मनातल्या मनात बऱ्याच विद्यार्थ्यांची माफी मागून मोकळे झाले.

पहिले चार दिवस गाडी सगळीकडेच जात होती, त्यामुळे ती डावीकडे जास्त जाते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी हात बसला तेव्हा ते दिसलं. सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. डावीकडे दरी होती. पत्रांसकट गाडी खाली. पुन्हा सुरू. पुन्हा डावीकडे. त्या डोंगरातल्या एकाही गावाला त्या आठवड्यात पत्र मिळालं नाही.

मास्तरांनी अंगठा सैल सोडून पाहिला. अलगद ठेवून पाहिला. श्वास रोखून पाहिला. गाडी डावीकडेच. म्हणजे आपल्याला कळतही नाही आणि हात ओढला जातोय.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. टेबलाच्या खणात बोरू होता, कागद होते. खण उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच ते दिवसातून चार वेळा करत. रेघ ओढून बघायची हिंमत होईना. रेघ वाकडी आली तर? न ओढलेली रेघ निदान वाकडी तरी नसते. फिजिओवाल्या मुलीने हाताची पकड मोजली, "छान प्रगती आहे" म्हणाली. ती गोड बोलणारी आहे हे मास्तरांना माहीत होतं, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही.

खेळायला बसले की काकू दारातून बघायच्या. "नस दबली असेल हो. दिरांचंही असंच होतं." वकिलांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितला. मास्तरांनी मुख्याध्यापिकाबाईंसाठी एक चिठ्ठीही मनात तयार केली: आपण म्हणता तो फॉन्ट बघावा.

बाई तीन दिवस नुसत्या बघत होत्या. चौथ्या दिवशी कामावरून आल्या, पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "तो कंट्रोलर खाली ठेवा."

"अगं, पण…"

"टेबलावर ठेवा. हात मागे घ्या. आमच्याकडे रिपोर्ट विचित्र आला की आम्ही आधी यंत्रावर संशय घेतो. पेशंटवर नाही."

मास्तरांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. दोन्ही हात पाठीमागे बांधले, वर्गात उभं राहिल्यासारखे. बाईंनी एका बोटाने गाडी चालू करायचं बटण दाबून धरलं, स्टिकला कुणाचाच स्पर्श नव्हता. गाडी निघाली. जराशी सरळ गेली, आणि मग सावकाश, कुणी बोलावल्यासारखी, डावीकडे वळली आणि दरीत गेली.

"बिघडलंय," मास्तर म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "अगं, बिघडलंय! हे बिघडलंय!" आणि ते दार उघडून जिन्यातून ओरडत खाली गेले. वकील लगबगीने बाहेर आले. मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "वकीलसाहेब, माल सदोष आहे! पूर्णपणे सदोष!" खराब माल गळ्यात पडल्याबद्दल एवढा आनंद झालेला ग्राहक वकिलांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सगळेच ग्राहक असे खूश व्हायला लागले तर आपलं पोट कसं भरायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण वकील ते वकीलच. जाता जाता म्हणाले, "एक लक्षात घ्या. यंत्र दोषी ठरलं म्हणजे हात निर्दोष सुटला असं होत नाही. हाताची सुनावणी अजून व्हायची आहे."

हे खरं होतं, आणि म्हणून खण बंदच राहिला.

पण व्यायाम थांबवता येणार नव्हता. मास्तर कंट्रोलर रुमालात गुंडाळून दुरुस्ती केंद्रात गेले. तिथे थंडगार हवा, पांढऱ्या खुर्च्या आणि नंबराची चिठ्ठी. मास्तरांचा नंबर त्र्याऐंशी. खिडकीतला कारकून अतिशय नम्र होता. इतका नम्र की भांडायला जागाच नाही.

"सर, हे आम्ही उघडत नाही."

"मग दुरुस्त कसं करता?"

"दुरुस्त नाही करत. बदलतो."

"मग बदला."

"हे मॉडेल बंद झालं सर."

"म्हणजे तुम्ही हे उघडत नाही, बदलतही नाही. मग हे केंद्र करतं काय?"

कारकुनाने प्रामाणिकपणे विचार केला. "नंबर देतो, सर," तो म्हणाला.

तिथून मास्तर दुकानात गेले. काउंटरमागच्या मुलीने नवं यंत्र दाखवलं. दिसायला सुबक होतं. मास्तरांनी ते चहूबाजूंनी पाहिलं.

"चकती कुठे घालायची?"

"चकतीला जागा नाही काका. आता डाउनलोड करायचं."

"आणि माझ्याकडे आहे ती?"

"ती तुम्ही आठवण म्हणून ठेवू शकता."

"बरं. हे उभं का राहत नाही?"

"उभं ठेवायचं तर पाय वेगळे घ्यावे लागतात."

मास्तरांनी स्टूल बनवलं होतं. ते पडलं असेल, पण त्याचे पाय त्यांनी वेगळे विकले नव्हते. मग त्यांनी किंमत विचारली आणि काउंटर धरला. वस्तू जुनी होत गेली की स्वस्त होते, हा निसर्गनियम आहे असं ते समजत होते. मुलगी म्हणाली, हे यंत्र बाजारात येऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून दोनदा महाग झालं. "थांबलात तर अजून वाढेल काका," असंही ती आपुलकीने म्हणाली.

"आणि नव्या कंट्रोलरमध्ये ही स्टिक वेगळी असते का? चांगली?"

मुलीने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "तशीच असते काका. मी स्वतः तिसरा वापरतेय." त्या खरेपणाबद्दल मास्तरांनी तिचे मनापासून आभार मानले आणि रिकाम्या हाताने घरी आले.

लेकीने फोनवर सुचवलं की गेम खेळणाऱ्यांचा एक ऑनलाइन कट्टा आहे, तिथे विचारा. मास्तर संध्याकाळी बसले आणि उजव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी पत्र टाइप केलं. "सर्व गेमर बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार. विषय: डाकगाडी डावीकडे जाण्याबाबत." खाली क्रमवार तक्रार, मग पुरावा म्हणून टेबलावर केलेला प्रयोग, आणि शेवटी "आपला कृपाभिलाषी". हाताबद्दल मात्र एक शब्द लिहिला नाही. ते आपलं घरगुती होतं.

दोन तासांत एकशे चाळीस उत्तरं आली. पहिली वीस मास्तरांच्या मायन्याबद्दल होती. मग लोक मुद्द्यावर आले आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपण शेजाऱ्यांच्या भानगडीत नव्हे, एका मोठ्या जुन्या भाऊबंदकीत शिरलो आहोत. एक म्हणे, कंपन्या मुद्दाम टिकणारी स्टिक बसवत नाहीत. दुसरा म्हणे, टिकणारी बसवली तर किंमत वाढेल. तिसरा म्हणे, किंमत तशीही वाढतेच आहे, मग निदान टिकणारी तरी बसवा. चौथा म्हणे, तुम्ही विकत घेता म्हणून ते विकतात. पाचव्याने चौथ्याला विचारलं, तू काय भाड्याने आणतोस का. चकतीवाले आणि डाउनलोडवाले यांचं तर पाणी भरायची विहीरसुद्धा वेगळी असावी असं होतं. कुणीतरी लिहिलं की डाकगाडीचा खेळ ज्यांनी केला ती छोटी कंपनी एका बड्या कंपनीने विकत घेतली आणि वर्षभराने बंद केली, चित्रकारांसकट सगळ्यांना घरी पाठवलं. ते वाचून मास्तरांनी शहाण्णवचे अठ्ठ्याण्णव केले. उपयोग काही नव्हता, पण राहवेना.

पण त्या सगळ्या गलक्यात एकानेही "तुम्ही या वयात कशाला खेळता" असं विचारलं नाही. मास्तरांना ते फार बरं वाटलं. समोरच्या काकू मात्र दारातून बघून तेच विचारायच्या.

एकशे एकेचाळिसावं उत्तर होतं "लोखंडीमाकड" नावाच्या माणसाचं. "मास्तर, मी बंदरावर क्रेन चालवतो. माझ्या क्रेनच्या स्टिकने वीस वर्षं कंटेनर उचललेत, अजून टणक आहे. ह्या खेळण्याची स्टिक झिजते कारण आत धातू कार्बनवर घासत राहतो. त्याऐवजी चुंबकावर चालणारी मिळते, ती घासतच नाही. एका कंट्रोलरच्या किमतीत ढीगभर येतील. कंपनी का लावत नाही ते कंपनीला विचारा. मी तुम्हाला बसवायला शिकवतो. रविवारी सकाळी दहा वाजता सवड आहे का?"

"मला सोल्डरिंग येत नाही," मास्तरांनी लिहिलं.

"मलाही क्रेन येत नव्हती," उत्तर आलं.

चुंबकाची स्टिक आणि सोल्डरिंगचं सामान मास्तरांनी बाजारातून आणून ठेवलं, आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. बाईंनी प्रयोगशाळेतला बारीक चिमटा आणि भिंग आणलं. वकिलांना विजेरी धरायला दिली, कारण काहीतरी दिल्याशिवाय ते गप्प बसले नसते. काकू खुर्ची घेऊन आल्या. फोन वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा केला. लोखंडीमाकडाचा चेहरा दिसत नव्हता, त्याच्या घरातल्या पंख्याचं एक पातं तेवढं दिसत होतं. आवाज मात्र जाडजूड आणि शांत होता.

कंट्रोलर उघडताना एक स्प्रिंग उडाली आणि नाहीशी झाली. दहा मिनिटं सगळी मंडळी रांगत होती. ती काकूंच्या अंबाड्यात सापडली. त्यावर काकू म्हणाल्या, "मी हललेसुद्धा नाही हो," आणि ते खरंच होतं.

मग मुख्य काम आलं. जुनी स्टिक चौदा ठिकाणी सोल्डर केलेली होती. एकेक ठिपका मोहरीएवढा. ते जुनं कथील वितळवून तांब्याच्या जाळीने टिपायचं, नवी स्टिक बसवायची आणि पुन्हा चौदा ठिपके. शेजारच्या ठिपक्याला धक्का लागला तर सगळं गेलं. मास्तरांनी सोल्डरिंगची कांडी उचलली ती डाव्या हाताने. सवयच ती. उचलल्यावर लक्षात आलं आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई भिंगातून बघत होत्या, वर मान केली नाही.

"घाई नको," फोनमधून आवाज आला. "वजन हवेत असताना घाई करायची नसते. टोक ठेवा. तीन आकडे मोजा. उचला."

जुनं कथील तसंच टिपून झालं, नवी स्टिक बसली, आणि मग मास्तरांनी पहिल्या नव्या ठिपक्यावर टोक ठेवलं. तीन आकडे मोजले. उचललं. चकचकीत थेंब, नेमका जागच्या जागी. मग दुसरा. तिसरा. वकील वाकून बघत होते आणि विजेरीचा झोत त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. "वकीलसाहेब, उजेड स्थिर," मास्तर म्हणाले, वर्गात म्हणतात तसं. चौथा. पाचवा. खोलीत कुणी बोलत नव्हतं. काकूसुद्धा.

नवव्या ठिपक्यानंतर फोनमधला आवाज म्हणाला, "मास्तर, एक विचारू? हात कुठे तयार केलात? माझा पहिल्या वेळी पानासारखा हलत होता. तुमचा तर रुळावरून चालल्यासारखा चाललाय. मला इथून दिसतंय ना."

मास्तर थांबले. कांडी तिच्या धारकात नीट ठेवली. त्यांनी हाताकडे पाहिलं. त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. त्याला गोड बोलायचं काही कारण नव्हतं.

"हा हात," मास्तर म्हणाले, "हा मोडलेला होता. अडीच महिन्यांपूर्वी. मला वाटलं होतं… मी अक्षरं लिहितो हो. मुलांची प्रशस्तिपत्रकं. मला वाटलं गाडी माझ्यामुळे दरीत जातेय."

"मग मास्तर," लोखंडीमाकड म्हणाला, "उरलेले पाचही करून टाका."

मास्तरांनी डोळे पुसले, उजव्या हाताने, आणि उरलेले पाच केले.

गाडी सरळ गेली. डोंगराच्या त्या टोकापर्यंत गेली. पहिल्या गावाला पहिलं पत्र मिळालं तेव्हा वकिलांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूंनी "आता थांबा, हात दुखेल" म्हणत आणखी दोन गावं बघून घेतली. तासाभराने यंत्राने स्वतःहून खेळ बंद केला. अटच तशी होती.

मंडळी गेल्यावर मास्तरांनी खण उघडला. बोरू काढला, शाईत बुडवला आणि कोऱ्या कागदावर एक उभी रेघ ओढली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी रेघ पाहिली आणि शाईची दुसरी बाटली आणून ठेवली, कारण दोनशे बारा नावांना एक पुरत नाही.

अक्षरं पहिल्यासारखी आली का? नाही. कान्यांना थोडी निराळी ढब आली. मुख्याध्यापिकाबाईंनी भिंगातून पाहिल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, यंदा जास्त छान आलंय." मास्तरांनी या वेळी विश्वास ठेवला. फिजिओवाल्या मुलीला त्यांनी आकाशाचं छोटं चित्र करून दिलं, सावली निळी ठेवून. मदत केंद्रालासुद्धा आभाराचं पत्र लिहिलं. उत्तर आलं की अशी पत्रं बालकाच्या पालकांनीच पाठवावीत.

आणि त्यांनी दोनशे तेरावं प्रशस्तिपत्रक लिहिलं. लिहिताना अडले, कारण त्या माणसाचं खरं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारणं बरं दिसेना. शेवटी आपल्या सर्वांत चांगल्या, ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिलं: "श्री. लोखंडीमाकड यांस, उत्तम शिक्षक म्हणून, सादर." खाली सही केली, शाळेचा नव्हे तर स्वतःचा शिक्का मारला आणि बंदराच्या पत्त्यावर पाठवून दिलं. त्या नावाने ते तिथे पोचेल की नाही याची त्यांना फार काळजी होती.

आठ दिवसांनी फोनवर एक फोटो आला. क्रेनची काचेची केबिन, खाली खोल कुठेतरी पाणी आणि खेळण्यातल्यासारखी जहाजं. चालकाच्या खुर्चीसमोर, दोन स्टिकच्या बरोबर मध्ये, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ते प्रशस्तिपत्रक डकवलेलं. फोटोखाली लिहिलं होतं, "बंदरावर सगळ्यांनी वाचलं मास्तर. शाळेत असताना मला एकही मिळालं नव्हतं. हे पहिलंच."

मास्तरांनी ते बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"नाव छान आलंय," त्या म्हणाल्या.